अनिमिष

विष्णुसहस्रनामाचा पाठ आपल्या अनेक देवळांत आणि घरांत नित्य चालतो. त्यात ‘निमिष’ आणि ‘अनिमिष’ ही दोन नावे एकापाठोपाठ येतात. जिभेला सवय झाल्यामुळे ती केव्हा उच्चारली गेली हे म्हणणाऱ्यासही कळत नाही. तथापि ज्याचे नेत्र मिटलेले आहेत तोही तोच, आणि ज्याचे नेत्र कधी मिटत नाहीत तोही तोच, असे सांगणारी ही जोडी थोडे थांबून पाहण्याजोगी आहे. शंकराचार्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या भाष्यात योगनिद्रेत नेत्र मिटतो म्हणून ‘निमिष’ आणि नित्य जागृत असतो म्हणून ‘अनिमिष’ असा उलगडा आहे. आणि त्यापुढे आणखी एक पर्याय दिला आहे, तो असा की, मत्स्यरूप धारण केले म्हणून अनिमिष.

येथे मासा कोठून आला? अमरकोशाच्या नानार्थवर्गात ‘अनिमिष’ या शब्दाचे देव आणि मासा असे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिलेले आहेत. निमिष म्हणजे पापणीची उघडझाप. तीवरूनच कालगणनेचे लहान माप निघाले. मनुस्मृतीत 18 निमेषांची 1 काष्ठा सांगितली आहे. माशाला मिटणारी पापणी नाही, म्हणून तो अनिमिष. बाजारात पाटीतला बांगडा आपल्याकडे टक लावून पाहत असतो, हे कोकणपट्टीच्या वाचकास सांगावयास नको. त्याच्या डोळ्यावर चरबीचा पारदर्शक पडदा असतो खरा, परंतु तो हलत नाही. मोरीच्या वर्गातील काही माशांना मात्र डोळ्यावर सरकणारा पडदा असतो. कोशकाराने हा अपवाद धरला नाही. पण त्याबद्दल त्याच्यावर फिर्याद करावी असे आम्हांस वाटत नाही.

देवांचे अनिमिषत्व महाभारतातील नलोपाख्यानात ठळकपणे दिसते. स्वयंवरमंडपात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघेही नळाचे रूप घेऊन बसले, तेव्हा दमयंतीने आपल्या सत्याची आण घालून त्यांची खूण मागितली. देवांना घाम नव्हता, त्यांच्या माळा कोमेजल्या नव्हत्या, त्यांचे पाय भूमीला टेकले नव्हते आणि त्यांचे डोळे लवत नव्हते. नळाची पापणी लवत होती. म्हणून तो माणूस आणि म्हणून तो तिचा. येथे न मिटणारा डोळा ही देवत्वाची साक्ष ठरली.

आपल्या आजच्या मराठीत मात्र हा शब्द बराच मवाळ झाला आहे. ‘अनिमिष नेत्रांनी पाहत राहणे’ असे आपण लिहितो ते सूर्यास्तासंबंधी, प्रिय माणसासंबंधी, फार तर देवाच्या मूर्तीसंबंधी. पाहणारे आपण, आणि भाव कौतुकाचा. ही गोडी खोटी नव्हे. पण शब्दाची जुनी धार तीत हरवली आहे. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील 59 वे सूक्त मित्रदेवतेचे आहे. हा मित्र म्हणजे दिल्या शब्दाचा आणि करारमदाराचा रक्षक. तो लोकांकडे अनिमिष पाहतो, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे पाहणारा देव आहे, पाहिले जाणारे आपण आहोत, आणि त्या पाहण्यात कौतुकापेक्षा पहारा अधिक आहे.

आमचा व्यवसाय वकिलीचा असल्यामुळे येथे एक विसंगती आम्हांस विशेष जाणवते. देवाला कायदा व्यक्ती मानतो. 1925 साली एका बंगाली घराण्याच्या देवतेच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले. परंतु ही व्यक्ती स्वतः पाहू, बोलू वा सही करू शकत नाही, म्हणून तिच्या वतीने दुसऱ्याने कारभार पाहावयाचा. आणि तो कारभारीच देवाची मालमत्ता विकू लागला तर? 1967 साली विश्वनाथ विरुद्ध राधाबल्लभजी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की, अशा वेळी साध्या उपासकासही देवाच्या वतीने दावा लावता येतो. कायद्याच्या दृष्टीने ज्या देवाला डोळे नाहीत, त्याचे डोळे उपासकाने व्हावयाचे, असाच याचा अर्थ आम्ही घेतो.

पोर्तुगीज अमदानीत 1933 साली झालेल्या नियमावलीने गोव्यातील देवस्थानांचा कारभार महाजनांच्या संस्थांकडे नियमबद्ध केला. इतरत्र विश्वस्त आहेत. नियम कोणतेही असोत, हिशेबाची वही उघडून पाहण्याचा कंटाळा सर्वत्र सारखाच आहे. देवाला चांदीचे डोळे अर्पण करणारे आपल्यात पुष्कळ आहेत; वार्षिक सभेस येऊन जमाखर्च वाचणारे थोडे. पाठ करताना ‘अनिमिष’ हे नाव पुढच्या वेळी ओठांवर येईल, तेव्हा ते आपल्यालाही लागू आहे एवढे ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले.