मान्यतेची वाट : ग्रंथकार सभेपासून ई-पुस्तकापर्यंत

ग्रंथकार कोणाला म्हणावे, हा वाद मराठीत लेखकांच्या पहिल्या संघटित मेळाव्याइतकाच जुना आहे. 1867 च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्याने ब्रिटिश अमलातील छापील पुस्तकांची सरकारी नोंद होऊ लागली आणि त्यानंतर अकरा वर्षांनी, मे 1878 मध्ये, महादेव गोविंद रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात पहिले ग्रंथकार संमेलन भरले. 1885 च्या संमेलनाचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारले. शूद्रातिशूद्रांच्या हक्कांना ज्यांच्या सभांत आणि पुस्तकांत जागा नाही त्यांच्यात मिसळण्यात अर्थ नाही, असा आशय असलेले त्यांचे उत्तर ‘ज्ञानोदया’त छापून आले. फुल्यांनी ‘गुलामगिरी’ (1873) स्वतःच प्रसिद्ध केली होती आणि 1885 मध्येच ‘सत्सार’चे दोन अंकही काढले होते, हे लक्षात घेतले म्हणजे स्वबळावर छापणारा लेखक आणि लेखकांची संस्था यांच्यातील ताण किती मुळापासूनचा आहे ते दिसते.

आजच्या हिंगोली जिल्ह्याचा भाग या साऱ्या घडामोडींपासून दूर होता. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने 1867 चा कायदा तेथे लागू नव्हता. राज्यकारभाराची आणि पुढे उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी पुस्तक छापायचे तर बहुधा संस्थानाबाहेरचा छापखाना गाठावा लागे. पोलीस कारवाईनंतर 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि परभणी जिल्ह्यातून हिंगोली वेगळा झाला तो थेट 1 मे 1999 रोजी. ज्यांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत त्या संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ज्या भूमीतील नर्सीचे नाव सांगितले जाते, तेथील आधुनिक लेखकाला आपले पहिले पुस्तक कोण छापील याची चिंता करावी लागावी, ही विसंगती मराठवाड्याच्या वाङ्मयेतिहासात पुरेशा गांभीर्याने मांडली गेलेली नाही.

दरम्यान संस्थांचे जाळे विणले गेले. महाराष्ट्र साहित्य परिषद (1906), विदर्भ साहित्य संघ (1923), मुंबई मराठी साहित्य संघ (1935) आणि मराठवाडा साहित्य परिषद या चार संस्थांना घटक मानून 1961 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. घटक संस्था म्हणजे ज्या संस्थेला महामंडळाच्या कारभारात प्रतिनिधित्व आहे अशी संस्था. दीर्घकाळ साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाची निवडणूकही मुख्यतः या संस्थांकडून येणाऱ्या मतदारांवर चाले. त्यामुळे मान्यता म्हणजे चांगले लिहिणे एवढाच अर्थ उरला नाही. सभासदत्व, शिफारस, व्यासपीठ, पुरस्कार आणि ग्रंथालयांच्या खरेदीयादीत नाव, असे तिचे अनेक पदर झाले. यांतला शेवटचा पदर सर्वांत कमी चर्चिला गेला असला, तरी पुस्तकाचा छपाईखर्च निघणे पुष्कळदा त्यावरच अवलंबून असते.

या चौकटीला पहिला मोठा धक्का अनियतकालिकांनी दिला. ठरावीक तारखेचे बंधन न पाळता, पदरचे पैसे घालून आणि जाहिरातीवाचून काढलेले अंक म्हणजे अनियतकालिके. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी 1950 च्या दशकाच्या मध्यास काढलेला ‘शब्द’ चक्रमुद्रित होता. चक्रमुद्रणात मेणकागदावर टंकयंत्राने किंवा टोकदार लेखणीने अक्षरे कोरत, तो कागद शाईच्या रुळावर चढवीत आणि एकेक प्रत हाताने फिरवून काढीत. प्रती वाढत तसतशी अक्षरे फिकी पडत. छापखान्याची आणि संपादकाची परवानगी न लागणारे हे साधन होते. पुढे अशोक शहाणे यांच्या ‘असो’ने आणि औरंगाबादेत भालचंद्र नेमाडे व चंद्रकांत पाटील यांच्याशी निगडित ‘वाचा’ने हीच वाट रुंद केली. औरंगाबादेतच गंगाधर पानतावणे यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेले ‘अस्मितादर्श’ दलित लेखकांचे हक्काचे व्यासपीठ ठरले, आणि प्रस्थापित मासिकांनी ज्यांच्याकडे पाठ फिरवली असती अशा कितीतरी लेखकांचे पहिले लेखन तेथे आले.

संस्थांची दाद यानंतर पुष्कळ उशिरा मिळाली. शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढलेल्या कोलटकरांच्या ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो 2005 चा, त्यांच्या निधनानंतर, नेमाडे यांना ज्ञानपीठ मिळाले ते 2014 चे, 2009 मध्ये सॅन होजे येथील पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद पानतावणे यांना लाभले. संस्थांनी या लेखकांना घडविले असे म्हणता येत नाही. छोट्या प्रकाशनांनी घडविलेले लेखक त्यांनी उशिरा स्वीकारले, असेच म्हणावे लागते. हिंगोलीच्या वाट्यालाही हा स्वीकार आला. वसमत तालुक्यातील रिधोऱ्याच्या इंद्रजित भालेराव यांचा ‘पीकपाणी’ (1989) हा संग्रह शेतकऱ्याच्या बोलीसह मुख्य प्रवाहात पोहोचला, कळमनुरी तालुक्यातील रूपूरचे फ. मुं. शिंदे 2014 मध्ये सासवडच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि पुढच्याच वर्षी नामदेवांच्या वास्तव्याने पावन मानल्या गेलेल्या पंजाबातील घुमान येथे संमेलन भरले.

युनिकोड या संकेतप्रणालीमुळे देवनागरी मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचता येऊ लागल्यावर चक्रमुद्रणाची जागा पडद्याने घेतली. ई साहित्य प्रतिष्ठानाने मराठी पुस्तके विनामूल्य वितरित केली, बुकगंगाने ई-पुस्तके विकली आणि प्रतिलिपीसारख्या मंचांवर लेखक परस्पर वाचकांपर्यंत जाऊ लागले. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव किंवा औंढा नागनाथच्या लेखकापुरते पाहिल्यास, वाचक आणि लेखक यांच्यातील अंतर या साधनांनी जितके कमी केले तितके आधी कशानेच केले नव्हते. मापे मात्र छापील पुस्तकाचीच राहिली. 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशकाने राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना द्यायची असते ती पुस्तकाची छापील प्रत, वाङ्मयीन पुरस्कारांसाठी सहसा मागवल्या जातात त्याही छापील प्रती, आणि नवलेखकाला पहिल्या पुस्तकासाठी राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाकडून मिळणारे अनुदानही मुख्यतः छपाईच्या खर्चाला हातभार लावण्यासाठी योजलेले आहे. गुणवत्तेची चाळणी हवी, हे संस्थांचे म्हणणे रास्त आहे. परंतु कागद आणि बांधणी ही गुणवत्तेची चाळणी कधीच नव्हती, आणि फिक्या शाईतला ‘शब्द’ हा त्याचा मराठीतला पुरावा आहे. महामंडळाने 2018 मध्ये घटनादुरुस्ती करून संमेलनाध्यक्षाची निवडणूक बंद केली आणि 2019 च्या यवतमाळ संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची सन्मानाने निवड झाली, म्हणजे नियम बदलता येतात. पडद्यावर लिहिणाऱ्याला लेखक म्हणून सभासद करून घेण्याचा आणि त्याच्या ई-पुस्तकाला पुरस्कारासाठी विचारात घेण्याचा नियम त्याच मार्गाने, घटक संस्थांच्या ठरावाने, करता येण्याजोगा आहे.