थाप ऐकून पुडीवर काय लावलंय ते कळेल? पखवाजातून समजून घ्या गणितातला 'उलटा प्रश्न'

मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचं एदलाबाद. आषाढीसाठी संत मुक्ताईंची पालखी इथूनच पंढरपूरला निघते. इथे काय किंवा वारीत कुठेही काय, कीर्तनात पखवाज वाजण्याआधी वादक डाव्या पुडीवर मळलेली कणीक थापतो. मग थाप मारून ऐकतो. आवाज फार खाली गेला तर थोडी कणीक काढतो, वर राहिला तर आणखी लावतो.

हवा तो आवाज आधी ठरलेला असतो आणि त्यावरून वजन ठरतं. गणितात अशाच प्रकाराला 'व्यस्त वर्णपट समस्या' म्हणतात. सोप्या भाषेत उलटा प्रश्न.

सरळ काय, उलटा काय?

पुडीचा ताण आणि वजन माहीत असेल, तर तिच्यातून कोणकोणते स्वर निघतील हे अवकल समीकरणाने, म्हणजे डिफरन्शियल इक्वेशनने काढता येतं. हा सरळ प्रश्न. या सगळ्या स्वरांची यादी म्हणजे वर्णपट. यादी हातात आहे, पण वस्तू आतून कशी आहे ते माहीत नाही, हा उलटा प्रश्न.

शाईने काय बदलतं?

साध्या गोल पुडीचा मूळ स्वर १ धरला, तर पुढचे स्वर १.५९, २.१४, २.३० असे आडनिडे येतात. म्हणून साधा ढोल स्पष्ट सुरात लागत नाही. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं, की मृदंग-तबल्याच्या शाईमुळे हे स्वर जवळपास १, २, ३, ४, ५ अशा पटीत येतात.

१९५४ मध्ये बी. एस. रामकृष्ण आणि मनमोहन सोंधी यांनी या पुडीचं गणित मांडलं. त्यांनी ती दोन भागांची मानली : मध्ये जड, बाहेर हलकी. शाईची कड आली की घनता एकदम उडी घेते. अशा उडीला गणितात 'असांतत्य' म्हणतात.

एक यादी पुरते का?

एक तार घ्या, डावीकडे जाड आणि उजवीकडे बारीक. दोन्ही टोकं सारखीच बांधलेली असतील, तर तार उलटी करून बांधली तरी स्वर तेच येतात. म्हणजे नुसत्या यादीवरून जाड बाजू कोणती ते कळणार नाही.

स्वीडनचे गणितज्ञ गोरान बोर्ग यांनी १९४६ मध्ये यावर उत्तर दिलं. एका टोकाची बांधणी बदलून स्वरांची दुसरी यादी मिळवली, तर दोन याद्यांवरून एकच उत्तर निघतं.

पुडीचं प्रकरण आणखी अवघड आहे. 'ढोलाचा आकार ऐकून ओळखता येईल का?' असं मार्क काट्झ यांनी १९६६ मध्ये विचारलं. १९९२ मध्ये गॉर्डन, वेब आणि वोल्पर्ट यांनी वेगवेगळ्या आकाराच्या, पण अगदी तेच स्वर देणाऱ्या दोन पुड्या गणिताने दाखवल्या.

उडी आली की काय बिघडतं?

जिथे गुणधर्म एकदम बदलतो, तिथे लाटेचा काही भाग पुढे जातो आणि काही मागे फिरतो. त्यामुळे दोन्ही बाजूंची समीकरणं वेगळी लिहून ती सांध्यावर जुळवावी लागतात. उलट्या प्रश्नात तर सांधा कुठे आहे आणि उडी केवढी आहे, हेही शोधायचं असतं.

ओले हाल्ड यांनी १९८४ मध्ये अशी एक उडी असलेल्या समीकरणाबद्दल सिद्ध केलं, की अर्ध्या भागाची माहिती आणि एका टोकाची अट आधीच हातात असेल, तर उरलेला अर्धा भाग एकाच यादीवरून निश्चित ठरतो.

याचा उपयोग काय?

हाल्ड यांच्यासमोर प्रश्न पृथ्वीचा होता. मोठ्या भूकंपानंतर पृथ्वी घंटेसारखी कंप पावते. १९६० च्या चिलीच्या भूकंपानंतर हे कंप पहिल्यांदा स्पष्ट मोजले गेले. त्यातल्या सर्वात संथ कंपाच्या एका फेरीला सुमारे ५४ मिनिटं लागतात. पृथ्वीच्या आतही कवच संपून प्रावरण सुरू होतं तिथे गुणधर्म उडी घेतात. तिथवर खणून पोहोचता येत नाही, म्हणून ऐकून शोधायचं.

तबल्याचं गणित मांडणारे सोंधी पुढे अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये गेले. तिथे बी. गोपीनाथ यांच्यासोबत त्यांनी ओठांपाशी मोजलेल्या ध्वनीवरून घसा-तोंडाच्या पोकळीचा आकार काढण्याची पद्धत १९७१ मध्ये मांडली.

अडचण एकच. प्रमेयांना स्वरांची अख्खी, न संपणारी यादी लागते. प्रत्यक्षात मोजता येतात ते थोडेच स्वर, तेही थोड्या चुकीसह. आणि यादीतली छोटी चूक उत्तरात मोठी होऊ शकते. म्हणून काही माहिती आधीच हाताशी असावी लागते.

पखवाजवादकाकडे ती असते. पुडी ओळखीची, ताण हाताखालचा, शोधायची फक्त कणीक. म्हणून त्याचं काम दोन-चार थापांत होतं.