दिवाळी अंक आणि वाटून वाचण्याची चाल

दिवाळी संपली, पाहुणे परतले आणि डब्याच्या तळाशी चिवड्याचा चुरा उरला की मराठी घरांत एक निराळाच काळ सुरू होतो. मित्र, शेजारी, नातलग एकमेकांकडून दिवाळी अंक मागून नेतात, कोणती कथा जमली आणि कोणती फसली यावर वाद घालतात आणि वाचून झालेला अंक पुढच्या हाती देतात. कार्तिक पौर्णिमा उलटून गेली तरी हे चालू असते. दिवाळी अंक, म्हणजे दिवाळीच्या निमित्ताने निघणारा कथा, कविता, लेख, चित्रे आणि जाहिराती यांनी भरलेला जाडजूड विशेषांक, मराठी छपाईच्या इतिहासात बरीच जागा व्यापून आहे. मात्र त्याचे कूळ शोधताना संपादक आणि छापखाने यांच्यापाशीच थांबले, तर निम्मी कथा हातची जाते, कारण अंक विसाव्या शतकात जन्मला आणि तो वाटून वाचण्याची चाल त्याच्याआधी कितीतरी वर्षे रुजलेली होती.

ही थोरली शाखा नाशिकात स्पष्ट दिसते. तेथील सार्वजनिक वाचनालय १८४० साली स्थापन झाले. नाशिककर या संस्थेला 'सावाना' म्हणतात आणि तिचे वास्तव्य दीर्घकाळ सरकारवाड्यात होते. विकत घेणे परवडत नाही असे वाचन वर्गणी काढून एकत्र आणायचे आणि आळीपाळीने घरी न्यायचे, या साध्या व्यवस्थेतून वाचकांचे एक मंडळ तयार होते. एकच मजकूर अनेकांनी थोड्याफार अंतराने वाचलेला असल्यामुळे त्या मंडळात मतांची देवाणघेवाण आपोआप घडते. पहिला गाजलेला दिवाळी अंक १९०९ साली निघाला तेव्हा नाशिकच्या वाचनालयाला एकोणसत्तर वर्षे झाली होती, म्हणजे अंकाला वाचणारे आणि त्यावर बोलणारे मंडळ आधीपासूनच सज्ज होते.

धाकटी शाखा छापखान्याची. काशिनाथ रघुनाथ आजगावकर यांनी 'मित्र' हे नाव धारण करून १८९५ साली मुंबईत 'मनोरंजन' हे मासिक सुरू केले आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक काढला. पनवेलच्या 'मित्रोदय' मासिकाने १९०५ सालीच दिवाळीचा अंक काढला होता, त्यामुळे 'पहिला' हा मान त्याला द्यावा असा आग्रह काही अभ्यासक धरतात, आणि निव्वळ कालक्रम पाहिला तर तो गैर नाही. परंतु चाल पडली ती 'मनोरंजन'च्या अंकामुळे, कारण त्यानंतर इतर मासिकांनी तेच रूप उचलले आणि वाचक दरवर्षी अंकाची वाट पाहू लागला. मित्रांसमोर नमुना होता तो इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये नाताळच्या सुमारास खास अंक काढण्याचा प्रघात पडला होता आणि चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकांच्या नाताळ अंकांतून सणाच्या दिवसांत घरच्यांनी एकत्र बसून वाचायच्या कथांना मोठा वाचकवर्ग मिळवून दिला होता. मित्रांना बंगाली उत्तम येत होते आणि बंगाली साहित्याशी त्यांचा जवळचा परिचय होता. दुर्गापूजेच्या सुमारास निघणारे बंगालचे शारदीय अंक याच घराण्यातले, मराठी दिवाळी अंकाचे भावंड म्हणावेत असे. नमुना परका होता हे मान्य करण्यात कमीपणा नाही. मराठी वाचकाने त्याला आपल्या पंचांगात अशी जागा दिली की त्याचे परकेपण दुसऱ्या पिढीत कोणाच्या लक्षातही राहिले नाही.

ती जागा दिवाळीतच मिळण्यास कारणेही होती. पावसाळा संपलेला असतो, खरिपाचे पीक घरात आलेले किंवा येऊ घातलेले असते, शाळांना सुट्टी असते आणि नोकरदाराच्या हातात चार पैसे जास्त असतात. व्यापारी याच दिवसांत नवे कापड, साबण, तेले, दागिने खपवू पाहतो, त्यामुळे जाहिराती मिळतात, आणि जाहिरातींच्या बळावरच एरवीच्या अंकाच्या कितीतरी पट पाने वाचकाला परवडेल अशा किमतीत देता येतात. मळणीनंतरची फुरसत आणि आप्तांचा सहवास यांतून उमलणारे सण इतरत्रही आहेत. अमेरिकेतला थँक्सगिव्हिंग, म्हणजे पीक हाती आल्यावर कृतज्ञता व्यक्त करण्याचा सण, तेथील काँग्रेसने १९४१ साली नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी कायद्याने नेमून दिला, आणि त्यानंतरचे सुट्टीचे दिवस तिथेही मित्रांच्या बैठकींचे असतात. महाराष्ट्राचे वेगळेपण असे की इथे त्या बैठकींसाठी साहित्याचा एक स्वतंत्र प्रकारच घडला.

'मनोरंजन'चा अंक निघाला त्या वर्षी नाशिकात करमणूक आणि कला यांचे केंद्र होते नाट्यगृह. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्यामुळे ती संध्याकाळ राजकीय इतिहासात नोंदली गेली. कलेच्या इतिहासासाठी त्याच घटनेतून एक गोष्ट हाती लागते, ती म्हणजे जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला निरोप द्यायचा तर नाटकाचा खेळ लावावा, इतके नाटक शहराच्या सामाजिक जीवनात मुरलेले होते. नाटक एकत्र बसून पाहिले जाते आणि परतताना त्यावर बोलले जाते. दिवाळी अंकाने ही सवय छापील मजकुराला लावली. पुढे १९२२ साली गोदाघाटावर सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेने ऐकून वाद घालण्याची तीच सवय उन्हाळ्यातही जिवंत ठेवली.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात अंकांची संख्या वाढली आणि प्रत्येकाचा स्वभाव ठरत गेला. 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री' यांनी सुधारणेचा विचार मध्यमवर्गाच्या माजघरात नेला. 'मौज' आणि 'सत्यकथा' यांच्या पानांवर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा, म्हणजे कथानकाच्या कलाटणीपेक्षा मनाच्या हालचालींवर भर देणारी कथा, वाढली. अनंत अंतरकरांनी १९४६ साली 'हंस' सुरू केले. चित्रकार दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली 'दीपावली' काढला, आणि या अंकाचे महत्त्व साहित्याच्या इतिहासकारांनी पुरेसे ओळखले आहे असे वाटत नाही. कलादालन ज्यांनी कधी पाहिले नव्हते अशा हजारो घरांत रंग, रेषा आणि मांडणी यांविषयी मत बनवण्याची पहिली संधी दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी दिली. दलालांची रेषा की मुळगावकरांचा रंग, हा वाद चित्रकलेचे कोणतेही शिक्षण नसलेली माणसे हिरिरीने घालू शकत होती.

मधुकर पाटकर यांनी १९५१ साली सुरू केलेल्या 'आवाज'ने विनोदाला हक्काचे घर दिले आणि त्याच्या खिडकीचित्रांनी वाचनाला हाताळण्याची जोड दिली. खिडकीचित्र म्हणजे कागदाला चौकोनी काप देऊन केलेली झडप. त्या चौकटीतून आतल्या पानाचा तुकडा दिसतो आणि तो पाहून वाचकाच्या मनात काहीतरी चावट येते. झडप उचलली किंवा पान उलटले की पूर्ण चित्र अगदी निरागस निघते. फिरत्या प्रतीत ही झडप फार काळ टिकत नाही, दहा-वीस हातांनंतर तिची कड मऊ पडते आणि मग ती फाटते.

अंक फिरवण्याची रीत वाचनालयांनी नेमकेपणाने बसवली. दिवाळीपूर्वीच अंक योजनेची वर्गणी घेतली जाते. ती एका अंकाच्या किमतीच्या आसपास असते, आणि तेवढ्यात सभासदाला पुढचे काही महिने एकामागून एक अंक घरी नेता येतात. ग्रंथपाल अंकाला जाड खाकी कव्हर घालतो, शिक्का मारतो, क्रमांक टाकतो आणि देवघेवीच्या टेबलावर नोंद करून अंक देतो. मागणीचा अंक बाहेर असेल तर परत करणाऱ्याची वाट पाहणारे दोघे-तिघे तिथेच उभ्याउभ्या बोलत राहतात. जे वाचनालय करते तेच लहान प्रमाणावर सोसायटीत, कचेरीत किंवा कारखान्यात होते. आठ-दहा जण पैसे जमवतात, कोणी कोणता अंक घ्यायचा ते ठरवतात, म्हणजे तोच अंक दोघांनी घेतला असे होत नाही, आणि अंक घरोघर फिरतात. अंक मराठी समाजात टिकला तो मुख्यतः या फेऱ्यांमुळे. विकत घेणाऱ्यांच्या आकड्यावरून त्याच्या प्रभावाचे मोजमाप करणे म्हणूनच चुकीचे ठरते, कारण विकलेली एक प्रत किती डोळ्यांखालून गेली हे त्या आकड्यात कधीच येत नाही.

मात्र हे मंडळ सर्वांचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. वर्गणी भरणारा, साक्षर, बहुतांशी उच्चवर्णीय आणि शहरी असा तो वर्ग होता आणि अंकांतले जगही बराच काळ त्याच्याच घराएवढे राहिले. नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेल्या बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला आणि त्या जगाच्या भिंती किती जवळ आहेत हे लख्ख दिसले. औरंगाबादच्या 'मराठवाडा' दैनिकाने १९६९ सालच्या दिवाळी अंकात दलित साहित्याची जाणीव, दिशा आणि प्रेरणा यांवर चर्चा छापली. कला कोणासाठी, अनुभव कोणाचा आणि सौंदर्याचे निकष कोण ठरवतो, हे प्रश्न सणाच्या अंकात, फराळाच्या ताटाशेजारी येऊन बसले. दिवाळी अंकाच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा क्षण मानावा, कारण तोवर आवडनिवडीपुरता असलेला संवाद इथे पहिल्यांदा न्यायाच्या प्रश्नाला भिडला.

नाशिक नुसते वाचणारे शहर राहिले नाही. दादासाहेब पोतनीस यांच्या 'गावकरी' समूहाने 'अमृत' हे डायजेस्ट पद्धतीचे, म्हणजे निवडक मजकूर आटोपशीरपणे देणारे मासिक आणि चित्रपट व क्रीडा यांना वाहिलेले 'रसरंग' साप्ताहिक नाशिकातून चालवले, आणि मुंबई-पुण्याबाहेरूनही राज्यभर वाचले जाणारे नियतकालिक निघू शकते हे दाखवून दिले. कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकर एकाच काळात याच शहरात राहत असल्यामुळे नव्या नाटकावरचे किंवा कवितेवरचे मत इथे लेखकाच्या ओळखीच्या माणसांत मांडावे लागे, आणि त्यामुळे त्याला जबाबदारी येत असे. अलीकडच्या दशकांत दिवाळी पहाट, म्हणजे सणाच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून ऐकायची गाण्याची मैफल, अंकाच्या जोडीला आली आहे. पाडव्याला नेहरू चौकातल्या पिंपळपारावर भरणाऱ्या मैफलीला नाशिककर नव्या कपड्यांत पहाटेच जमतात, आणि गायकाचा भटियार कसा रंगला यावरची चर्चा दुपारच्या जेवणापर्यंत पुरते.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांनी हीच चाल सोबत नेली. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची दिवाळी तिथीऐवजी सोयीच्या शनिवारी होते, आणि भारतातून कोणाच्या तरी सामानातून आलेले अंक त्या शनिवारपासून एका घरातून दुसऱ्या घरात फिरू लागतात. थँक्सगिव्हिंगच्या सलग सुट्टीत मित्रांची कुटुंबे एकत्र जमली की त्या अंकांवर बोलणे होते. फिरवून वाचण्याची हीच रीत पुस्तकांच्या बाबतीतही दिसते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी सुरू केलेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांना दिल्या जातात आणि ठरावीक मुदतीनंतर गट आपापसांत पेट्या बदलतात. त्यांतल्या काही पेट्या दुबईसारख्या परदेशी शहरांतल्या मराठी गटांपर्यंत पोहोचल्या आहेत.