गोव्यात घर घेताना : विसारापूर्वी पाहावयाचे कागद
जमीनजुमल्याच्या दलालाचा दिवस बहुधा खोळंब्यात सरतो. घर पसंत पडते, भाव ठरतो आणि ऐन खरेदीखताच्या वेळी विक्रेत्याच्या पत्नीची संमतीच नसल्याचे ध्यानात येते. गोव्याच्या कायद्यानुसार झालेल्या विवाहात, विवाहपूर्व वेगळा करार नसल्यास, मालमत्ता पती-पत्नीच्या समाईक मालकीची असते. म्हणून दोघांच्याही सह्या लागतात. वडिलोपार्जित घरात परदेशस्थ भावंडेही वाटेकरी असू शकतात. अशा वेळी वारस व वाटे निश्चित करणारी ‘इन्व्हेंटरी’ कार्यवाही झाली आहे का, हे आधी विचारावे.

एक-चौदाच्या उताऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना अवश्य वाचावा. तेथे मुंडकाराची नोंद असल्यास सावध व्हावे. १९७५ च्या कायद्याने त्याला घरातून काढण्याविरुद्ध संरक्षण दिले आहे. शेतजमिनीवर घर उभे असेल, तर रूपांतराची सनद मागावी. नव्या प्रकल्पाचा ‘रेरा’ नोंदणी क्रमांक तपासावा. २०१६ च्या या कायद्यानुसार, विक्रीकरार नोंदविण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

दलाल घर दाखवतो. मालकी मात्र कागदच दाखवतात. तेव्हा विसार देण्यापूर्वी ते वकिलाच्या नजरेखालून घालावेत.