दऱ्या आणि दर्या

आमच्या पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यात साखर पोत्यात भरतात, पोत्यावर हंगाम आणि प्रत छापतात. संगणकाच्या मुक्त प्रणालीतही तशीच रीत आहे. ‘लोहित’ हा भारतीय लिप्यांचा टंक रेड हॅट कंपनीने २००४ साली जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुला केला. पुण्यातल्या तिच्या मंडळींनी तो पुढे सांभाळला. पण नुसता टंक देऊन भागत नाही. फेडोरा प्रणालीसाठी त्याचे पॅकेज बांधावे लागते. त्यात आवृत्ती, परवाना, बदलांची नोंद असे सारे लिहायचे. नवशिक्याचे पहिले पॅकेज जाणकार तपासतो, चुका दाखवतो आणि मगच त्याला जामीन राहतो. २०११ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात फेडोराचा मेळावा भरला. त्याच वर्षी लोहितचा परवाना बदलला, म्हणजे पॅकेजातली ती ओळही बदलणे आले.

सांभाळणारा सोडून गेला, की पॅकेज ‘अनाथ’ म्हणून नोंदवतात. कोणी दत्तक घेतले नाही, तर ते यादीतून जाते.

मी कविता लिहितो. ‘ऱ्या’ हिंदीला लागत नाही, पण मराठीचे त्यावाचून अडते. ते अक्षर नीट उमटले नाही, तर आमच्या सातपुड्याच्या दऱ्यांचा दर्या होतो! ते जपणाऱ्याचे नाव बदलांच्या नोंदीत एका ओळीपुरते उरते. मराठीने त्या ओळीचे ऋण मानावे.