तांड्यांची वाट

नगरच्या किल्ल्याची कथा सांगतांना आपण चांदबिबीच्या शौर्यापासून आरंभ करतों आणि वेलस्लीच्या तोफांपाशीं येऊन थांबतों. पण तोफेमागें उभ्या राहणाऱ्या शिपायाच्या शिध्याचें काय, हा प्रश्न आपल्या इतिहासग्रंथांत क्वचितच विचारला जातो. पुण्याहून येणारी सडक केडगांवांतून नगरांत शिरते. रेणुकामातेच्या दर्शनास येणारे भाविक आणि रात्रंदिवस धावणाऱ्या मालमोटारी यांनीं ती आज गजबजलेली असते. तिच्याकडे पाहिलें कीं हा प्रश्न मनांत उभा राहतो, आणि त्याचें उत्तर लमाणांच्या तांड्यांपाशीं येऊन पोंचतें.

तांडा म्हणजे चालतें गांवच. इंग्रज प्रवासी पीटर मंडी यास १६३२ सालीं आग्र्याहून पाटण्याकडे जातांना धान्यानें लादलेल्या चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला. बायकामुलें, चीजवस्तु, सारा संसार बरोबर. आणि दिवसाची मजल अवघी सहासात मैलांची! फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये यानेंही असें लिहून ठेविलें आहे कीं, वाटेंत असा तांडा आडवा आला म्हणजे तो निघून जाईपर्यंत दोनतीन दिवस खोळंबून राहावें लागे.

ही चाल मंद खरी, परंतु तिच्यांत मोठें शहाणपण होतें. गाडीस सडक लागते. पाठीवर गोणी घेतलेल्या बैलास पाऊलवाट पुरते. घाट, नाले, काळ्या मातीचा चिखल, माळरान यांतून तो वाट काढतो. मार्गांत फुकट चरावयास मिळे, म्हणून वाहतुकीचा खर्चही बेताचा. कोंकणचें मीठ देशावर यावें आणि परत जातांना देशावरचें धान्य जावें, असा हा व्यवहार होता. ‘लमाण’ हा शब्द ‘लवण’ म्हणजे मीठ यावरून आला असें मानितात, तें याच धंद्यामुळें. नायकाचा शब्द तांड्यांत अखेरचा असे.

आतां १८०३ सालाकडे वळूं. आदल्या वर्षींच्या ऑक्टोबरांत यशवंतराव होळकरानें पुण्याजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला होता. त्या धामधुमींत मुलूख उजाड झाला, आणि पुढें नगर प्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. अशा मुलखांतून वेलस्ली नगरवर चालून आला. ऐन पावसाळ्यांत त्याचे बैल मरत होते. ऑगस्टच्या आरंभीं नगरच्या दक्षिणेस वाळकी येथें त्याचा तळ पडला. ८ ऑगस्टला पेठ पडली, १२ ऑगस्टला किल्ला हातीं आला, आणि २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. या मोहिमेंतील त्याचा पत्रव्यवहार चाळावा, तर तोफांइतकीच चिंता बैलांची आणि बंजाऱ्यांच्या धान्याची दिसते. चांगल्या जनावरांवांचून जलद कूच होत नाही, हें त्यानें नीट ओळखलें होतें.

याचा अर्थ बंजारी इंग्रजांचे पक्षपाती होते असा मात्र नव्हे. ते धान्य विकणारे. मोंगल असो, मराठे असोत, निजाम असो, लष्कराचा बाजार त्यांच्याच गोण्यांवर भरे. शहाजहानच्या दक्षिण मोहिमेंत आसफखानानें त्यांच्या नायकांस सवलतींचा ताम्रपट दिला, अशी त्यांची परंपरा सांगते. ताम्रपटाची कथा कशीही असो, त्यांची गरज सर्वांस होती एवढें तिच्यांतून उघड होतें.

गरज सरली आणि जगाची दृष्टि पालटली. पक्क्या सडका झाल्या, मागाहून आगगाडी आली. १८७८ सालीं धोंड-मनमाड लोहमार्ग नगरावरून सुरू झाला. तांड्याचा महिन्यांचा प्रवास आगगाडीनें दिवसांवर आणला. धंदा बुडाला, आणि तांडे मजुरीसाठीं विखुरले. त्यापूर्वींच, १८७१ सालीं, सरकारनें कित्येक जमातींस जन्मतः गुन्हेगार ठरविण्याचा कायदा केला होता. पुढें निरनिराळ्या प्रांतांत बंजाऱ्यांच्या कांहीं शाखाही त्याच्या कक्षेंत आल्या. ज्यांच्या भटकेपणावर साम्राज्याचें सैन्य जेवलें, त्यांचा तोच भटकेपणा आतां संशयास कारण झाला! हा कलंक कायद्याच्या पुस्तकांतून पुसला गेला तो १९५२ सालीं. पुढें अकराच वर्षांनीं, १९६३ सालीं, याच समाजांतील वसंतराव नाईक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले.

एका मुख्यमंत्र्यानें समाजाचें सारें ऋण फिटत नाहीं. आजही ऊसतोडीच्या हंगामांत कित्येक तांड्यांतील कुटुंबें बिऱ्हाड पाठीवर टाकून साखर कारखान्यांची वाट धरतात. ती वाट तात्पुरती, कष्टाची आणि बहुधा कोणाच्या ग्रंथांत न नोंदली जाणारी. आम्ही वर्गांत असईची लढाई शिकवितों तेव्हां सेनापतींचीं नांवें मुलांस पाठ होतात. तांड्याच्या एकाही नायकाचें नांव आम्हांस सांगतां येत नाहीं. जो इतिहास सैन्य कसें लढलें हें सांगतो, पण तें कोणी पोसलें हें सांगत नाहीं, तो अर्धाच इतिहास होय.