जांघेतला गजकर्ण आणि नीरेचा कालवा

पुरुषांच्या जांघेतल्या न हटणाऱ्या खाजेमागे बहुधा गजकर्ण, म्हणजे बुरशी असते. घाम आणि ओला कपडा तिला मानवतो. 1885 मध्ये नीरा डावा कालवा वाहू लागला; बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू शिवारात ऊस आला आणि ओलेत्या धोतराने उसाला पाणी देत दारे धरणेही. जुना उपाय टाकळ्याचा वाटलेला पाला. दुसरे जुने औषध गोवा पावडर, पण ती नावापुरती गोव्याची. ती ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाची, पोर्तुगीजांमार्फत आलेली. ती गुणकारी खरी, पण कपड्यांवर डाग पाडी आणि जांघेसारख्या नाजूक जागी भयंकर चुरचुरे.

1950 च्या दशकाअखेर बुरशीवर ग्रिसिओफल्विनची गोळी आली. पुढे घात केला तो स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांनी: दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी आतून पसरते, कातडी पातळ होते. लाजेपोटी डॉक्टर टाळून दुकानातून ट्यूब आणणाऱ्यांचे यात फार नुकसान झाले. 2018 मध्ये अनेक स्टिरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची झाली, अंमल ढिलाच. 2019 मध्ये बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, म्हणजे डॉक्टरही जवळ आले. त्यांच्याकडची तपासणी साधीच असते: कातडीचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि खाज वारंवार उलटत असेल तर रक्तातली साखरही.